श्राद्धाचा बोकड का हसला?

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला की आपल्या पोरांच्या मोबाइलवर कावळ्याचे विनोद सुरू होतात. पिंडाभोवती नातेवाईक हात जोडून उभे आहेत आणि कावळा झाडावरून म्हणतोय, आज माझा उपवास आहे. असल्या धाटणीचे. त्यावर दोन बाजूंनी रागवारागवी होते. आपल्यातलेच काही ज्येष्ठ म्हणतात, मयताच्या गोष्टींवर हसू नये, ते धम्मात बसत नाही. आणि कॉलेजातला एखादा संस्कृतीरक्षक मित्र म्हणतो, ही थट्टा तुम्ही इंग्रजी पुस्तकांतून उचललीत, आपल्या मातीत मरणाच्या विधीला कोणी कधी हसलं नव्हतं.

दोघांनाही माझं सांगणं आहे की जरा इतिहास चाळा. मर्तिकाच्या विधीला हसणं या मातीत किमान दोन-अडीच हजार वर्षं चालू आहे, आणि ती परंपरा प्रामुख्याने आपली आहे. प्रश्न हसावं की नाही हा नाहीच. कोणावर हसायचं, हा प्रश्न आहे. तिथे मात्र आपल्या पोरांचा नेम अनेकदा चुकतो, म्हणून हा लेखप्रपंच.

सुरुवात बोकडापासून करू. जातककथांमध्ये अठरावी कथा ‘मतकभत्त जातक’ नावाची आहे. मतकभत्त म्हणजे मेलेल्याच्या नावाने घातलेलं जेवण. आपल्या ‘मर्तिक’ या शब्दाचं कुळ तेच. जेतवनात भिक्खू तथागतांना विचारतात, लोक मेलेल्या नातलगांसाठी बोकड-मेंढ्या कापतात, त्याने काही भलं होतं का? तथागत म्हणतात, काही होत नाही, आणि ही गोष्ट सांगतात.

वाराणसीत तीन वेद शिकलेला एक नामांकित ब्राह्मण आचार्य असतो. त्याला पितरांना जेवण घालायचं असतं. तो शिष्यांना सांगतो, हा बोकड नदीवर न्या, न्हाऊ घाला, गळ्यात माळ घाला आणि सजवून परत आणा. शिष्य बोकडाला नदीवर नेतात. काठावर उभा असलेला तो सजलेला बोकड एकाएकी खदखदून हसतो. पाली कथेत त्या हसण्याला उपमा दिली आहे मडकं फुटण्याची. स्मशानात प्रेताभोवती फिरून मडकं फोडताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ही उपमा कानात ऐकू येईल. हसून झाल्यावर बोकड मोठ्याने रडतो.

शिष्य विचारतात, अरे, तू हसलास का आणि रडलास का? तो म्हणतो, हे तुमच्या गुरूसमोर विचारा. गुरूसमोर बोकड सांगतो: मीही एकेकाळी तुझ्यासारखाच वेदपाठी ब्राह्मण होतो. पितरांच्या जेवणासाठी मी एकच बोकड कापला. त्यापायी चारशे नव्व्याण्णव जन्म माझी मान कापली गेली. हा पाचशेवा. आज मी सुटणार म्हणून हसलो. आणि रडलो तुझ्यासाठी, कारण आज तुझे पाचशे सुरू होणार.

ब्राह्मण घाबरतो. तुला मारत नाही म्हणतो, शिष्यांना घेऊन बोकडाची राखण करत फिरतो. बोकड एका खडकाजवळच्या झुडपाचा पाला खायला मान वर करतो, तेवढ्यात खडकावर वीज पडते, कपची उडते आणि बोकडाची मान तुटते.

जातकांच्या गाथा जुन्या आणि गद्य नंतरचं, शिवाय पाचशे जन्मांचा हिशेब आज आपण शब्दशः घेणार नाही. पण कथेची चाल बघा. यजमान आहे, पुरोहित आहे, शास्त्र आहे, माळ आहे. सगळे गंभीर. हसतो तो फक्त बळी जाणारा. आणि तो रडतो ते कापणाऱ्यासाठी! एवढी करुणा असलेला विनोद मी फार थोड्या ठिकाणी वाचला आहे.

‘सुजात जातक’ त्याहून घरगुती आहे. आजोबा वारतात. बाप दुःखाने इतका खचतो की अस्थी बागेत पुरून त्यावर मातीचा ढिगारा रचतो, रोज फुलं वाहतो, रडतो, जेवतखात नाही. मुलगा सुजात गावाबाहेर मरून पडलेल्या एका बैलासमोर गवत आणि पाणी ठेवतो आणि सुरू करतो, खा रे, पी रे. लोक बापाकडे धावतात, तुझं पोरगं वेडं झालं. बाप येतो. मुलगा म्हणतो, बैलाचं डोकं, पाय, शेपूट सगळं जागेवर आहे, तो उठेलही कदाचित. आजोबांचं तर काहीच उरलेलं नाही आणि तुम्ही मातीपुढे रडताय. आपल्या दोघांत वेडा कोण? बापाचं दुःख तिथे उतरतं. या कथेत बापाला कोणी मूर्ख ठरवत नाही हे लक्षात घ्या. मुलाने स्वतः वेड्याचं सोंग घेतलं. हसण्याची किंमत त्याने स्वतःच्या अब्रूने भरली.

तिसरा प्रसंग संयुत्त निकायातला, नालंद्याचा. असिबंधकपुत्त नावाचा गावप्रमुख तथागतांना विचारतो की पश्चिमेकडचे ब्राह्मण मेलेल्या माणसाला वर स्वर्गात पाठवतात म्हणे, तुम्हाला ते जमेल का? तथागत म्हणतात, समज, एकाने मोठा धोंडा खोल डोहात टाकला आणि लोक काठावर जमून हात जोडून म्हणू लागले, वर ये धोंड्या, तरंग रे धोंड्या. येईल? आणि तुपाचं मडकं पाण्यात फुटलं, खापऱ्या तळाला गेल्या, तूप वर आलं. आता लोक म्हणाले, बुड रे तुपा. बुडेल? माणूस जसा वागला तसा तो जाईल, काठावरच्यांच्या ओरडण्याने फरक पडत नाही. डोहाकाठी धोंड्याला विनवणारा तो जमाव डोळ्यांपुढे आणला तर हसू आवरत नाही. हसता हसता पुरोहिताचं अख्खं दुकान बंद होतं.

हा युक्तिवाद फक्त बौद्धांपुरता राहिला नाही. रामायणाच्या अयोध्याकांडात जाबाली नावाचा ब्राह्मणच रामाला म्हणतो की श्राद्ध म्हणजे अन्नाची नासाडी आहे, मेलेला माणूस खाणार कसा? इथे एकाने जेवलेलं दुसऱ्याच्या पोटात जात असेल तर प्रवासाला निघालेल्यांच्या नावानेही घरीच श्राद्ध घाला, त्यांना शिदोरी बांधून द्यायला नको. चार्वाकांच्या नावावरही हाच विनोद आहे. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रहा’त तो खोडण्यासाठी नोंदवला, म्हणून तर तो टिकला.

जाबालीच्या या साध्या प्रश्नाला उत्तर काय मिळालं? उत्तर मिळालंच नाही. राम संतापतो. आणि त्याच संतापाच्या सर्गात, प्रचलित प्रतींमध्ये, बुद्धाला चोराच्या पंगतीत बसवणारा तो कुप्रसिद्ध श्लोक येतो. अनेक अभ्यासक तो मागाहून घुसडलेला मानतात. मग मला विचारावंसं वाटतं, घुसडणाऱ्याला हीच जागा का सापडली? श्राद्धाची शिदोरी चालली होती, त्यात बुद्ध कुठून आला? ज्याने घुसडलं त्याला नेमकं ठाऊक होतं की हे हसू कोणाच्या घरचं आहे. जाबाली मात्र लगेच माघार घेतो, मी नास्तिक नाही, वेळ पाहून बोललो म्हणतो. नोकरी जपणारी विद्वान मंडळी तेव्हाही होती.

आता ज्या विधीला हे सगळे हसत होते त्याचा मूळ कागद बघू. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धात काय वाढलं तर पितर किती काळ तृप्त राहतात याचा तक्ता आहे. तीळ, तांदूळ, जव, उडीद, कंदमुळं यांनी एक महिना. मासा दोन महिने. हरीण तीन. मेंढा चार. पक्षी पाच. बोकड सहा. पुढे वेगवेगळ्या जातींची हरणं सात, आठ, नऊ. रानडुक्कर आणि रेडा दहा. ससा आणि कासव अकरा. गाईच्या दुधाने आणि खिरीने वर्षभर. आणि गेंड्याचं मांस मिळालं तर अनंत काळ. बँकेच्या मुदत ठेवींचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो तसा. जातकातला बोकड सहा महिन्यांच्या तृप्तीसाठी कापला जाणार होता आणि त्यासाठी पाचशे माना, हा हिशेब इथे पुरा होतो. पितृपक्षात मटणाची दुकानं बंद ठेवा म्हणणाऱ्यांनी हा अध्याय एकदा उघडून पाहावा.

पण याच पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात आलो की हसू घशात अडकतं. तिथे चांडाळांनी मेलेल्या माणसांची वस्त्रं वापरावीत, फुटक्या भांड्यांत जेवावं, ज्यांना कोणी नातेवाईक नाही अशांची प्रेतं वाहावीत असं सांगितलं आहे. एकाच मरणात एका जातीच्या ताटात खीर आणि दुसऱ्या जातीच्या अंगावर मढ्याचं कापड. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जे पुस्तक जाळलं गेलं ते हे.

आणि हे पुस्तकात राहिलेलं नाही. गावात कोणी मेलं की त्याची खबर उन्हातान्हात, रात्रीबेरात्री परगावच्या पाहुण्यांपर्यंत पायी पोचवणं हे महाराचं काम होतं. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) गावकामाची जी यादी येते तिच्यात हे आहे. त्याच्या आधी, १८५५ साली, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मांग समाजातली मुलगी ‘ज्ञानोदय’मधल्या निबंधात लिहून गेली की मोठ्या इमारतींच्या पायात आमच्या माणसांना तेल-शेंदूर पाजून पुरत असत. पुरण्याची हीसुद्धा एक रीत होती. तिच्यावर कोणाला विनोद सुचत असेल तर त्याने आपल्याशी बोलू नये.

म्हणून सांगतो, मरणाच्या विधीकडे बघताना समाजशास्त्राचा पहिला प्रश्न विचारायचा: इथे काम कोण करतं आणि ताट कोणापुढे येतं? एमएला असताना विधी समाजाला एकत्र बांधून ठेवतात हे मी परीक्षेत पानभर लिहून आलो. वस्तीत काम करायला लागल्यावर कळलं की दोरीच्या एका टोकाला बांधणारा असतो आणि दुसऱ्या टोकाला बांधलेला.

जोतीरावांना हे वर्गात न बसता कळलं होतं. ‘ब्राह्मणांचे कसब’ १८६९ चं. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये लिहून झाला, त्याचं पहिलं प्रकरण वाचा. शेतकरी आईच्या पोटात येण्याआधीपासून भटाची दक्षिणा कशी सुरू होते, मग जन्म, बारसं, लग्न, सण असं करत मरणापर्यंत आणि मरणाच्याही पलीकडे ती कशी चालू राहते, याची ती सरळ यादी आहे. यादी एवढी लांबत जाते की वाचणारा आधी चिडतो आणि मग हसायला लागतो. जोतीरावांचं शस्त्र तेच होतं. पुढे सत्यशोधक जलशांनी भटजीचं पात्र लोकांसमोर नाचवलं, आणि भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी तीच रीत आपल्या वस्त्यांमध्ये नेली.

जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० ला गेले. अंत्यविधीचा मान कोणाचा यावर भाऊबंदांनी दत्तक पुत्र यशवंतच्या हक्काला हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाईंनी टिटवं हातात घेतलं आणि त्या अंत्ययात्रेपुढे चालल्या. आयुष्यभर ज्याने विधींची खिल्ली उडवली त्याच्या मयतावरच हक्काचं भांडण व्हावं, हा इतिहासाचा विनोद म्हणायचा. पण त्या बाईंच्या चालण्यात विनोद कुठेच नव्हता.

गाडगेबाबांची एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल. नदीवर लोक पितरांना पाणी देत होते, बाबा उलट्या दिशेला पाणी उडवायला लागले. विचारलं तर म्हणाले, माझ्या वऱ्हाडातल्या शेताला देतोय, तुमचं स्वर्गात पोचतं तर माझं वऱ्हाडात पोचणार नाही का? हीच गोष्ट शीख जनमसाख्यांमध्ये गुरू नानकांच्या नावावर आहे, हरिद्वारला घडलेली, शेत तेवढं पंजाबातलं. मग खरं कोणाचं? माझ्या मते हा प्रश्न गैरलागू आहे. जाबालीची शिदोरी, नानकांचं पाणी, गाडगेबाबांचं वऱ्हाड हा एकच विनोद आहे. ज्या काळाला तो लागला त्या काळाने तो उचलला. गाडगेबाबांबद्दल मात्र एक गोष्ट जोडायची आहे. मुलगा गेल्याची बातमी आली तेव्हा ते कीर्तनाला उभे होते, आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही असं सांगतात. मेलेल्यांच्या नावाने चाललेल्या व्यवहारावर हसायचा अधिकार त्यांना कुठून आला होता ते यातून कळतं.

आता कोणावर हसायचं तिकडे येऊ. २७ मे १९३५ ला रमाई गेल्या. धनंजय कीरांच्या चरित्रात नोंद आहे की तेव्हा जुन्या रीतीने विधी झाले, ते समाजातल्याच शंभू मोरे यांनी केले, आणि बाबासाहेबांनी डोक्यावरचे केस काढले. एवढा मोठा विद्वान, मनुस्मृती जाळून सात वर्षं उलटलेली, तरी त्या दिवशी दुःखाला जी वाट सापडली ती त्यांनी घेतली. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, १३ ऑक्टोबरला, येवल्याची घोषणा झाली. मला हे दोन प्रसंग वेगळे करता येत नाहीत. आपली पोरं जेव्हा घाटावर पिंड ठेवून कावळ्याची वाट बघणाऱ्या एखाद्या मोलकरणीचा व्हिडिओ काढून खाली हसण्याची चिन्हं टाकतात, तेव्हा त्यांनी १९३५ चा तो मे महिना आठवावा. तिचा नवरा गेला आहे. तिच्या हातात दुसरी कुठली रीत कोणी दिलेलीच नाही.

सुजातने बापाची टिंगल केली नाही, बैलापुढे गवत ठेवलं. तथागतांनी काठावरच्या शोक करणाऱ्यांना शिवी दिली नाही, स्वर्गात पाठवण्याचा दावा करणाऱ्यांना प्रश्न टाकला. जोतीरावांचा असूड शेतकऱ्याच्या पाठीवर पडत नाही. हीच आपली रीत आहे. ब्राह्मणांमध्येसुद्धा अंत्यविधी करणाऱ्या किरवंतांना इतर ब्राह्मण कमी लेखतात, पंगतीत घेत नाहीत. त्या दुःखावर ‘किरवंत’ हे नाटक लिहिलं प्रेमानंद गज्वींनी. दलित लेखकाला स्मशानातल्या ब्राह्मणाचं दुःख दिसलं. चारशे नव्व्याण्णव जन्म भोगून कापणाऱ्यासाठी रडणारा बोकड मला तिथे पुन्हा भेटतो.

कामाच्या निमित्ताने मी बचत गटांच्या कर्जाच्या वह्या बघतो. ‘घरदुरुस्ती’ लिहून उचललेल्या कर्जाची चौकशी करायला गेलं की छत तसंच गळत असतं आणि पैसे तेराव्याच्या जेवणात गेलेले असतात. व्याज वर्षभर. मेलेला सुटतो, बाई हप्ते भरते. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही ही सहावी आहे. ती घेतली म्हणून आपलं घर या वहीतून सुटलं का? इथे मला आपल्याच घरात यायचं आहे.

जलदान विधी आणि पुण्यानुमोदन यांचं आज आपण काय करून ठेवलं आहे? अभ्यासू लोक सांगतील की जलदानाला पाली आधार आहे, खुद्दकपाठातलं तिरोकुड्ड सुत्त. तिथे मृत आप्त भिंतीबाहेर, उंबऱ्याशी येऊन उभे असतात आणि इथे दिलेल्या दानाचं पुण्य त्यांना पोचतं. मग नालंद्याचा धोंडा आणि उंबऱ्यावरचे आप्त यांचा मेळ कसा घालायचा? भिक्खू संघाने आणि आपल्या विद्वानांनी यावर उघडपणे बोलावं. जिवंतांनी मेलेल्याच्या नावाने दान करावं, एखाद्या पोराची फी भरावी, असा त्याचा अर्थ मी लावतो. पण मांडवात दिसतं काय? फ्लेक्सवर मयतापेक्षा स्थानिक नेत्याचा फोटो मोठा. मसालेभात, बुंदी, दोन भाज्या, आणि न जेवता गेलेल्या पाहुण्यांची नावानिशी नोंद. भट गेला, केटरर आला. ज्या जमातीने शिदोरीचा विनोद जगाला दिला तिने आता स्वतःलाही तो लावून पाहावा.

स्वतःला हसणं आपल्या ग्रंथांना वर्ज्य नाही. महापरिनिब्बान सुत्ताचा शेवट पाहा. शरीरपूजेत गुंतू नका असं तथागत आनंदाला सांगून गेले होते. तरी कुसिनाऱ्यात अस्थींसाठी राजेरजवाडे आणि गण तलवारी उपसायच्या बेतात येतात. शेवटी द्रोण नावाचा ब्राह्मण समजूत घालून आठ समान वाटे करतो, आणि वाटणीचा रिकामा कुंभ तेवढा मला द्या म्हणून स्वतः घेऊन जातो. मग उशिरा पोचतात पिप्पलिवनाचे मोरिय. अस्थी संपलेल्या. त्यांना विझलेले निखारे मिळतात आणि ते निखाऱ्यांवर स्तूप बांधतात. सुत्त हे सगळं सरळ चेहऱ्याने सांगतं.

गेल्या वर्षी एका वस्तीत पुण्यानुमोदनाला गेलो होतो. सहा वक्ते झाले. प्रत्येकाने दिवंगतांचं चळवळीतलं योगदान सांगितलं आणि मग स्वतःचं. सातवा उठला तेव्हा गेलेल्या माणसाची बहीण, सत्तरी ओलांडलेली, पुढच्या रांगेतून म्हणाली, “बाबा, माझा भाऊ चार वर्षं खाटेवर होता. तुमच्यातलं एक जण आलं असतं तर त्यानं चहा पाजला असता. आता त्याच्याच्यानं उठवत नाही. तुम्ही बसा, भात गार व्हायलाय.” मांडव हसला. तीही हसली, पदर डोळ्यांना लावून. सातवा वक्ता बसला आणि पंगत वाढायला घेतली.